सँटोरिनीत अर्धा दिवस: चार थांबे, एक गाडी आणि भरपूर पायऱ्या

ग्रीसच्या सँटोरिनी बेटावर पहिल्यांदा जहाजाच्या सहलीतून गेलो तेव्हा आमच्या हातात एक छापील यादी होती: साडेचार तासांत नऊ ठिकाणं. नऊच्या नऊ झाली. म्हणजे गाडीतून उतरलो, फोटो काढले, परत बसलो, असं नऊ वेळा. शेवटी केबल कारच्या रांगेत तासभर उन्हात उभे राहिलो आणि जहाजावर परत नेणाऱ्या शेवटच्या होडीत धावत चढलो. रात्री केबिनमध्ये फोटो बघताना बायकोने विचारलं, "हे इया की फिरा?" बेटावरची ही दोन नावाजलेली गावं, आणि मला सांगता आलं नाही.

तीन वर्षांनी आई-बाबांना घेऊन परत गेलो. या खेपेला बेटावरच दोन रात्री राहिलो आणि एका सकाळसाठी स्वतंत्र गाडी केली. थांबे चारच ठेवले. त्या सकाळी जे जमलं आणि पहिल्या वेळी जे फसलं, ते दोन्ही जमेस धरून हे लिहितोय.

आधी बेटाचा आकार डोक्यात बसवा

हे पाच मिनिटांचं काम आहे, पण ते न करता गेलात तर दिवसभर नुसते पांढरे घुमट दिसत राहतील.

नकाशावर बेट चंद्रकोरीसारखं दिसतं. कोरीच्या आतल्या, पश्चिमेच्या बाजूला जवळपास ३०० मीटरपर्यंत उंच सरळसोट कडा आहे आणि खाली खोल समुद्र. बाहेरची, पूर्वेची बाजू मात्र हळूहळू उतरत काळ्या वाळूच्या किनाऱ्यांना मिळते. कोरीसमोर थिरासिया आणि अस्प्रोनिसी ही आणखी दोन बेटं आहेत. ही तिन्ही मनात जोडून बघा, एक मोठं कडं तयार होतं. तोच ज्वालामुखीचा काठ. सुमारे ३६०० वर्षांपूर्वी इथे प्रचंड उद्रेक झाला, जमिनीखालचा लाव्हारस बाहेर पडून पोकळी झाली, वरचं छत कोसळलं आणि समुद्र आत शिरला. अशा खळग्याला कॅल्डेरा म्हणतात. मूळ स्पॅनिश शब्दाचा अर्थच मोठी कढई. फिरा, फिरोस्तेफानी, इमेरोविग्ली, इया ही सगळी नावाजलेली गावं या कढईच्या काठावर बसलेली आहेत. मधोमध दिसणारी दोन काळी बेटं, पालेआ कामेनी आणि नेआ कामेनी, नंतरच्या उद्रेकांतून वर आली. शेवटचा उद्रेक १९५० सालचा.

इया उत्तर टोकाला, अक्रोतिरीचं उत्खननात सापडलेलं प्राचीन नगर नैर्ऋत्येला, फिरा मध्ये. या टोकाहून त्या टोकाला जायला वाहतूक नसेल तर तासाभराच्या आत गाडी पोचते. अर्ध्या दिवसात बेटाची दोन्ही टोकं होतात ती यामुळेच. वेळ गिळतात त्या पायऱ्या, पार्किंग आणि गर्दी.

एक उच्चाराची गोष्ट. इंग्रजी फलकावर 'ओ-आय-ए' दिसलं तरी गावाचं नाव 'इया' असं म्हणायचं. आणि ग्रीक लोक बेटाला थिरा म्हणतात. सँटोरिनी हे नाव मध्ययुगात लॅटिन दर्यावर्द्यांनी संत इरीनीवरून ठेवलेलं.

गाडी ठरवताना काय विचारायचं

स्वतंत्र सहलीचं भाडं बहुतेक वेळा माणशी नसतं, गाडीमागे असतं. दोघांना महाग वाटतं, सहा जणांत वाटून घेतलं तर जहाजाच्या बसइतकंच पडू शकतं. म्हणून आधी माणसं जमवा, मग दर विचारा. आणि पैसे भरण्याआधी पुढचे प्रश्न लेखी विचारून घ्या, उत्तर 'हो, सगळं आहे' असं मोघम आलं तर पुन्हा विचारा.

पहिला प्रश्न: सोबत येणारा ड्रायव्हर आहे की परवानाधारक गाइड? ग्रीसमध्ये पुरातत्त्व स्थळाच्या आत माहिती सांगायला परवाना लागतो. ड्रायव्हर कितीही बोलका असला तरी अक्रोतिरीच्या दारापर्यंतच येतो, आत तुम्ही एकटे. आम्ही ड्रायव्हर-गाडी घेतली आणि अक्रोतिरीपुरता गाइड वेगळा ठरवला. पूर्ण वेळ गाइड घेण्यापेक्षा ते स्वस्त पडलं, आणि खरं सांगायचं तर इयाच्या गल्लीत गाइडची गरज नाही.

दुसरा: तास कुठून मोजणार, गाडीत बसल्यापासून की ठरलेल्या वेळेपासून? जहाजाची होडी उशिरा आली तर? तिसरा: प्रवेश तिकिटं आणि वाइन चाखण्याचे पैसे धरलेत का? सहसा धरलेले नसतात. चौथा, म्हातारी माणसं सोबत असतील तर सगळ्यात महत्त्वाचा: प्रत्येक थांब्यावर गाडी कुठपर्यंत जाते आणि तिथून पुढे किती पायऱ्या? काठावरच्या गावांत गाडी आत जातच नाही. हॉटेलचं 'दारातून घेऊ' हे आश्वासनही तसंच, दार म्हणजे वरच्या रस्त्यावरचा ठरलेला कोपरा. आमच्या हॉटेलपासून तो कोपरा ६२ पायऱ्या वर होता. आईने मोजल्या.

कोणत्या वेळी निघायचं

माझं मत ठाम आहे: सकाळी साडेसातला निघा आणि इयापासून सुरुवात करा. नऊ-साडेनऊनंतर जहाजांच्या बसगाड्या इयात यायला लागतात आणि दुपारपर्यंत मुख्य गल्लीत खांद्याला खांदा लागतो. जहाजाने येणाऱ्या प्रवाशांवर आता दिवसाला ८००० ची मर्यादा घातली आहे, पण कायम वस्ती जेमतेम पंधरा हजारांची असलेल्या बेटासाठी तो आकडाही काही लहान नाही.

दुपारची सहल घ्यायचीच असेल तर क्रम उलटा करा: आधी अक्रोतिरी, मग पिर्गोस हे टेकडीवरचं गाव, शेवटी सूर्यास्त. आणि सूर्यास्त इयाच्या किल्ल्यावरून बघायचा हट्ट सोडा. तिथे दोन तास आधी जागा धरून बसावं लागतं, म्हणजे निम्मी सहल भिंतीवर बसण्यात जाते. पिर्गोस उंचावर आहे, तिथून किंवा अक्रोतिरीच्या दीपगृहाजवळून तोच सूर्य त्याच समुद्रात बुडतो. जूनअखेरीस तो साडेआठनंतर मावळतो, ऑक्टोबरच्या मध्याला सातच्या आत. दुपारची गाडी ठरवताना हे बघूनच वेळ घ्या.

महिने म्हणाल तर मे, जूनचा पूर्वार्ध आणि सप्टेंबरअखेर. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी, ऊन आणि 'मेल्तेमी' नावाचा उत्तरेचा वारा एकदम वाट्याला येतात. हा वारा टोपी नेतो, साडीचा पदर तर कुणाचंच ऐकत नाही. नोव्हेंबर ते मार्च भाडी उतरतात, पण बरीच हॉटेलं-खानावळी बंद असतात.

जहाजाने येणाऱ्यांसाठी

मोठी जहाजं कॅल्डेरात उभी राहतात आणि प्रवाशांना होड्यांनी किनाऱ्यावर सोडतात. जहाजाची स्वतःची सहल घेतली असेल तर बहुधा अथिनिओस बंदरात उतरवतात, तिथून रस्ता वर येतो. स्वतःची गाडी ठरवलेल्यांना मात्र फिराच्या खालच्या जुन्या बंदरावर यावं लागतं, आणि तिथे गाडीचा रस्ताच नाही. वर यायचे मार्ग तीन: केबल कार, सहाशेला थोड्या कमी पायऱ्या, किंवा त्याच पायऱ्यांवरून गाढव. केबल कारच घ्या, काही मिनिटांत वर पोचवते. गाढवांवर किती वजन लादायचं यावर २०१८ मध्ये ग्रीक सरकारला मर्यादा घालावी लागली, यातच काय ते आलं. पायऱ्या उतरायला ठीक, पण त्या गुळगुळीत झाल्या आहेत, लिदीने भरलेल्या असतात आणि गाढवं वाट देत नाहीत.

ड्रायव्हरला भेटण्याची जागा वरच्या केबल कार स्थानकाशी नसते, गाडी तिथे येत नाही. फिरातलं मोठं ऑर्थोडॉक्स कॅथेड्रल ही खूण सांगायला सोपी. परतीसाठी शेवटच्या होडीच्या किमान दीड तास आधी फिरात पोचा. जाताना रांग किती होती यावरून येतानाचा अंदाज बांधू नका, आम्ही तसाच बांधला होता. सगळी जहाजं साधारण एकाच वेळी माणसं परत बोलावतात.

जहाज मध्येच तुर्कस्तानच्या बंदरात जाऊन पुन्हा ग्रीसमध्ये येणार असेल, तर शेंगेन व्हिसा अनेकदा प्रवेशाचा आहे ना, हे भारतातून निघण्याआधी बघा. हा सल्ला सहलीचा नाही, पण इथपर्यंत पोचायचं असेल तर लागणारच.

पहिला थांबा: इया, सव्वा तास

आठच्या सुमारास गाडी गावाच्या कडेला सोडते. तिथून संगमरवरी फरसबंदीच्या मुख्य गल्लीपर्यंत चालत जायचं. ही फरशी लाखो पायांनी पॉलिश झालेली आहे, रबरी तळ असलेले बूट हवेतच. आईच्या नव्या चपला तिथे दोनदा सरकल्या, मग उरलेला सगळा वेळ तिने माझा दंड धरला.

चौकातल्या पानागिया चर्चशी पोचलात की लगेच उजवीकडे, किल्ल्याच्या दिशेने पळू नका. आधी डावीकडे वळा. पोस्टरवरचे प्रसिद्ध निळे घुमट त्याच बाजूला, मुख्य गल्लीपासून थोडं खाली आहेत. एका अरुंद बोळाच्या तोंडाशी दिवसा रांग दिसते, तीच खूण. सकाळी आठला आमच्यापुढे एकच जोडपं होतं. फोटोसाठी कुणाच्या घराच्या छपरावर चढू नका. 'खासगी' अशा पाट्या जागोजागी लावाव्या लागल्या आहेत, आणि ज्याला तुम्ही गच्ची समजता ती खालच्या माणसाच्या स्वयंपाकघराचं छत असतं.

कारण इथली घरं बांधलेली कमी आणि खोदलेली जास्त. उद्रेकातून पडलेल्या राखेचा आणि प्युमिस या हलक्या, सच्छिद्र दगडाचा थर कुदळीने सहज खोदता येतो, पण ढासळत नाही. त्यात गुहेसारख्या खोल्या कोरायच्या, पुढे फक्त एक भिंत उभी करायची. इथे लाकूड दुर्मिळ, त्यामुळे ही रीत पडली. खलाशी या खोदीव घरांत राहायचे आणि जहाजांचे कप्तान वरच्या अंगाला, ऐसपैस बांधीव वाड्यांत. ९ जुलै १९५६ च्या भूकंपात इयाचा मोठा भाग कोसळला, कितीतरी कुटुंबं बेट सोडून गेली. आज ज्या खोलीसाठी लोक महिनोन् महिने आधी पैसे भरतात, ती त्या काळी कुणाला फुकटही नको होती.

मग किल्ल्याच्या भग्न टोकाशी जा, दहा मिनिटं बसा. खाली अम्मुदीचं छोटं बंदर दिसतं. तिथे उतरायला दोनशेच्या वर पायऱ्या आहेत. जायचंच असेल तर गाडीच्या रस्त्याने जा. अर्ध्या दिवसात मी ते वगळतो.

दुसरा थांबा: रस्त्यातच, दहा मिनिटं

इयाहून इमेरोविग्लीकडे येताना ड्रायव्हरला एका अरुंद खांद्यावर थांबायला सांगा, जिथे दोन्ही बाजूंचा समुद्र दिसतो. आम्हाला हा थांबा त्यानेच सुचवला. डावीकडे उतरती शेतं, उजवीकडे एकदम कडा.

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. धरणांच्या पायात काळा पाषाण बघण्यात त्यांची हयात गेली. कड्याकडे बघत ते म्हणाले, "थर आपल्या घाटासारखेच आहेत की." दिसायला आहेत खरे: काळा, तांबडा, करडा, आणि सगळ्यात वर पांढरा. पण सह्याद्रीचा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लांबलांब भेगांतून वाहून पसरला, थरावर थर चढत गेला. इथला तो पांढरा थर स्फोटाने उडून पडलेला आहे. उभं राहून बघितलं तर काही ठिकाणी तो कित्येक मीटर जाड दिसतो, आणि हे सगळं एकाच उद्रेकातलं. बाबांना मी पुढची गोष्ट सांगितली तेव्हा ते जास्त खूश झाले: ही माती चुन्यात कालवली की पाण्याखालीही घट्ट होते, आणि एकोणिसाव्या शतकात सुएझ कालव्याच्या बांधकामासाठी ती जहाजं भरभरून इथून गेली.

तिसरा थांबा: पिर्गोस, पाऊण तास

एकेकाळची राजधानी. गाव टेकडीभोवती गुंडाळल्यासारखं आहे, वर जुन्या किल्ल्याचे अवशेष. चढ आहे, पण मध्ये कुठेही थांबता येतं आणि कॉफी इयापेक्षा स्वस्त. गुडघे दुखत असतील तर इथे खालच्या चौकातच बसा. ड्रायव्हर त्याऐवजी प्रोफितिस इलियास डोंगरावर नेऊ शकतो. ५६७ मीटर, बेटाचा सर्वांत उंच माथा, वर १७११ मध्ये स्थापन झालेला मठ, आणि गाडी थेट वर जाते. गंमत म्हणजे हा डोंगर ज्वालामुखीचा नाहीच, चुनखडीचा आहे. ज्वालामुखीच्या आधीपासून तो इथे उभा आहे.

चौथा थांबा: अक्रोतिरी, सव्वा तास

वेळ कमी पडला तर पिर्गोस सोडा, हे सोडू नका. सुट्टीचा वार आणि वेळा हंगामाप्रमाणे बदलतात, आदल्या दिवशी तपासा.

उद्रेकाच्या राखेत गाडलं गेलेलं हे कांस्ययुगातलं नगर. १९६७ मध्ये स्पिरिदोन मारिनातोस यांनी उत्खनन सुरू केलं. १९७४ मध्ये उत्खननाच्या जागीच त्यांचा मृत्यू झाला. सगळ्या वस्तीवर आता मोठं छप्पर आहे. आधीच्या छपराचा भाग २००५ मध्ये कोसळून एक पर्यटक दगावला, त्यानंतर कित्येक वर्षं हे बंद होतं आणि २०१२ मध्ये उघडलं. आत सावली आहे, सपाट लाकडी मार्ग आहे. आई-बाबांसाठी संपूर्ण सहलीतली ही सगळ्यात सोपी जागा ठरली.

दोन-तीन मजली घरं, दगडी जिने, रस्त्याखालून जाणारी सांडपाण्याची गटारं, धान्य-तेलाचे रांजण. आई रांजणांपाशीच रेंगाळली. एका खोलीत ते एकाला एक चिकटून मांडलेले आहेत, जसे कुणी काल ठेवून गेलं. इथे माणसांचे सांगाडे सापडले नाहीत. उद्रेकाआधी भूकंप झाले असणार आणि लोक निघून गेले असणार, असा अभ्यासकांचा कयास आहे. २०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत भूकंपांची मालिका सुरू झाली तेव्हाही हजारो लोक बोटींनी आणि विमानांनी बेटाबाहेर पडले, मग परतले.

भिंतींवरची रंगीत चित्रं मात्र इथे नाहीत, याची मनाची तयारी ठेवा. ती अथेन्सच्या राष्ट्रीय संग्रहालयात आणि फिरातल्या प्रागैतिहासिक थिरा संग्रहालयात आहेत. फिरात उतरल्यावर अर्धा तास हाताशी असेल तर ते छोटं संग्रहालय बघाच, निळ्या माकडांच्या भिंतीसाठी. काही वर्षांपूर्वी वानरांच्या अभ्यासकांनी ती शेपटीची ठेवण बघून सांगितलं की ही आफ्रिकेतली माकडं नसावीत, आपल्याकडची हनुमान लंगूर असावीत. हे खरं असेल तर साडेतीन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी इतक्या लांब वानरं, निदान त्यांची चित्रं तरी, नेली होती.

अक्रोतिरीजवळच लाल किनारा आहे. यादीवर असतोच. वरून दरडी कोसळतात, धोक्याची पाटी आहे आणि तरी लोक जातात. वाहनतळाच्या पुढून लांबून बघा, पाच मिनिटं पुरतात.

शेवट द्राक्षबागेत, मग जेवण

अक्रोतिरीहून परतताना मेगालोखोरीजवळ ड्रायव्हरने गाडी थांबवली. रस्त्याकडेला राखाडी मातीत वेलींच्या टोपल्या पालथ्या-उताण्या पडल्यासारख्या दिसत होत्या. आईला वाटलं मोठ्या पक्ष्यांची घरटी. नाशिकचे मांडव बघितलेल्या माणसाला ही द्राक्षबाग आहे हे सांगूनही पटत नाही. दर वर्षी वेलीच्या फांद्या गोल वळवत जमिनीलगत टोपली विणतात, द्राक्षं आत वाढतात. वाऱ्यापासून आणि उन्हापासून आडोसा मिळतो. पाऊस कमी, पाणी बरंचसं समुद्रावरच्या दमट हवेतून. या मातीत वेलींची मुळं खाणाऱ्या फिलोक्सेरा किडीचा शिरकाव झाला नाही, त्यामुळे मुळं फार जुनी आहेत. असिर्तिको ही इथली पांढरी द्राक्षजात. उन्हात मनुकांसारखी वाळवून केलेली गोड वाइन म्हणजे विनसांतो. वाइन चाखायची असेल तर एकच ठिकाण, आणि ते शेवटी.

जेवण काठावरच्या दृश्यवाल्या हॉटेलात नको. आतल्या गावात थांबवायला सांगा. शाकाहाऱ्यांचे इथे हाल होत नाहीत. 'निस्तीसिमो' एवढा शब्द पाठ करा, म्हणजे ऑर्थोडॉक्स उपवासाचं: मांस, अंडी, दूध नाही. शिंपले-कालवं मात्र त्यात चालतात, तेवढं विचारून घ्या. बेटावरच्या लहान टोमॅटोची भजी मागवा, पुदिना घातलेली. आणि फावा. नावावरून वालासारखं काही वाटेल, पण हे पिवळ्या डाळीचं घट्ट वरण असतं, वर ऑलिव्ह तेल, कांदा, केपर नावाच्या खारवलेल्या कळ्या. ही डाळ विदर्भातल्या लाखोळीच्या जवळच्या नात्यातली आहे. आईने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "फोडणी राहिली यांची."

नळाचं पाणी पिऊ नका, बाटलीचं घ्या. ड्रायव्हरने वेळ सांभाळली असेल तर बक्षिसी रोख युरोत द्या.

बाबांनी खिशातून एक करडा-पांढरा खडा काढला. द्राक्षबागेच्या कडेला उचललेला. त्यांनी तो पाण्याच्या पेल्यात टाकला, तो बुडला नाही. आई म्हणाली, "अहो, ही तर वज्री, पाय घासायची." बिल येईपर्यंत तो पेल्यात तरंगत होता. निघताना बाबांनी तो रुमालाने पुसला आणि बाहेर कुंपणाजवळच्या मातीत परत ठेवला.